कसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यालगत अरवलीच्या पायवाटांवर माउंटन बाईक चालवायची, तर चेनपेक्षा हेडसेटवर जास्त लक्ष ठेवा. हेडसेट म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीत वर आणि खाली बसवलेली दोन बेअरिंगं. हँडल फिरतं ते त्यांच्यावर. इथला खडक क्वार्टझाइट. त्याची भरड रेती दिल्लीत ‘बदरपूर’ म्हणून बांधकामाला जायची. हीच बारीक होऊन ग्रीसमध्ये शिरली की वंगणाचा पॉलिश पेपर होतो.

माझ्या सायकलीला पुढचा ब्रेक दाबला की ‘टक्’ आवाज येऊ लागला. जवळच्या दुकानात दर वेळी स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा भाग) सैल करून वरच्या टोपीचा बोल्ट आवळून मिळायचा: ‘थोड़ा कस दिया है, भैया.’ आवाज थांबायचा, हँडल जड व्हायचं आणि थोड्याच दिवसांत ये रे माझ्या मागल्या. अखेर हेडसेट उघडला, तेव्हा खालचं बेअरिंग गंजून कपातच अडकलेलं निघालं. बेअरिंगबरोबर कपही बदलावा लागला. असंच आणखी चाललं असतं, तर फ्रेमची नळीच आतून झिजली असती.

म्हणून आधी परीक्षा. पुढचा ब्रेक दाबून धरा, फ्रेम आणि फोर्क जिथे भेटतात तिथे बोटं ठेवा आणि सायकल मागेपुढे हलवा. बोटांना हालचाल जाणवली तर हेडसेट ढिला आहे. मग चाक उचलून हँडल हळूच फिरवा. मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर कसून उपयोग नाही. चालवताना हँडल जेमतेम काही अंश फिरतं, त्यामुळे छर्रे त्याच त्या जागी घासून तिथे खळगे पाडतात. असं बेअरिंग बदलायचंच.

उघडताना स्पेसरच्या (स्टेमजवळच्या कड्यांच्या) क्रमाचा फोटो काढा. स्टेम सैल करताना फोर्क हाताने धरा, नाहीतर तो सटकन खाली येतो. जुनं बेअरिंग पुसून त्यावरचे आकडे वाचा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची आणि कोन. ४१ आणि ४१.८ मिमीमधला फरक डोळ्याला कळत नाही. ३६ आणि ४५ अंशांचा तर नाहीच. टेपर फोर्क असेल तर खालचं बेअरिंग मोठं, बहुतेकदा ५२ मिमी बाहेरच्या व्यासाचं असतं. दिल्लीतल्या झंडेवालानच्या सायकल बाजारात जाताना जुनं बेअरिंग खिशात असू द्या. नुसतं सायकलचं मॉडेल सांगून आणलेलं बेअरिंग बसेलच असं नाही. स्वस्त सायकलींत पिंजऱ्यातले छर्रे असतात. तिथे कप आणि शंकूही तपासा.

बसवताना कपात आणि बेअरिंगभोवती जलरोधक ग्रीस भरपूर लावा आणि तिरपी कड कुठल्या बाजूला जाते ते पाहा. बेअरिंग उलटं बसलं तर लवकरच बाद होतं. मग आधी टोपीचा बोल्ट, ढिलाई जाईल आणि हँडल मोकळं फिरेल इतपतच. नंतर स्टेम सरळ करून त्याचे बाजूचे बोल्ट त्यावर छापलेल्या टॉर्कइतके कसा. टोपीचं काम फक्त बेअरिंगवर योग्य दाब आणण्याचं; फोर्क धरून ठेवतो तो स्टेम. तो आवळलेला असताना टोपी कसणं व्यर्थ आहे.

गाड्या धुण्याच्या ठिकाणचा जोराचा फवारा हेडसेटवर मारू देऊ नका. तो सीलच्या आत पाणी घुसवतो. हिवाळ्यात हवा बिघडली की अनेक जण घरात ट्रेनरवर सायकल चालवतात, तेव्हा खारट घाम स्टेमवरून थेट वरच्या बेअरिंगवर ओघळतो. हँडलवर टॉवेल टाका. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात आणि ट्रेनरचा मोसम संपल्यावर फेब्रुवारीत, आवाज येवो न येवो, हेडसेट एकदा उघडून पुसून नवं ग्रीस भरा.