राखेच्या विटा पाडताना

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या आसऱ्याने मी राखेच्या विटांचा कारखाना चालवतो. आपल्याकडच्या कोळशात राखच ३० ते ४५ टक्के. ती केंद्राच्या राखेच्या तळ्यात पडून राहिली तर विहिरींत उतरते, वाऱ्याने द्राक्षबागांवर बसते. या धंद्याने जे शिकवलं, ते असं:

१. राख पारखून घ्यावी. धुराड्याआधीच्या यंत्रात अडकणारी कोरडी, बारीक राख विटेच्या कामाची. बॉयलरच्या तळाची जाड राख भरावाला बरी. काळपट राख आली की मी बल्कर परत पाठवतो. तिच्यात न जळलेला कोळसा जास्त असतो.

२. पाणी मारण्यात कसूर नको. राख एकटी बांधून धरत नाही. मिश्रणातलं सिमेंट भिजल्यावर त्यातून चुना सुटतो, त्या चुन्याशी राखेतली सिलिका ओलाव्यात संयोग पावते, तेव्हा वीट घट्ट होते. ही क्रिया फार संथ, महिन्यानंतरही ताकद वाढतच राहते. म्हणून निदान दोन आठवडे गोणपाट ओलं ठेवायचं आणि गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी कोवळी वीट द्यायची नाही. ‘राखेची वीट ठिसूळ’ असं गवंडी म्हणतात, तेव्हा ती वीट बहुधा पाण्याविना राहिलेली असते.

३. हजार लाल विटांना तीनेक टन माती लागते, तीही शेताच्या वरच्या थराची. आमच्या विटेला कच आणि थोडं सिमेंट लागतं, पण माती नाही, भट्टी नाही. मला या कामाचं मोल वाटतं ते इथे.

४. राख झाकून न्यावी. उघड्या टिपरमधून ती उधळत नेली, तर तळ्यातलं प्रदूषण आपणच लोकांच्या दारात नेऊन टाकलं. ताडपत्री बांधलेली नसेल तर गाडी फाटकातून आत येत नाही. मास्क नसलेला मजूर मिक्सरपाशी उभा राहत नाही.

५. राखेच्या ताकदीवर शंका घेणाऱ्यांना मी घाटघरची धरणं दाखवतो. रोलरने दाबलेल्या काँक्रीटची देशातली पहिली धरणं तिथली. त्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राख जास्त आहे, आणि ती गेली नाशिकहूनच.

६. राख वापरण्याची सक्ती १९९९च्या अधिसूचनेपासून आहे. २०२१च्या अधिसूचनेने जुन्या तळ्यांत साठलेली राखही दहा वर्षांत उचलायला सांगितलं. ही भिजून पडलेली राख कोरडीइतकी जोर धरत नाही. तिच्यासाठी सिमेंटचं प्रमाण किती वाढवावं, याच्या चाचण्या सध्या आमच्याकडे चालू आहेत.