घोडा शिकतो कसा ?



चीनमधील हांगझाऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत २६ सप्टेंबर २०२३ रोजी अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह व सुदीप्ती हजेला या चार तरुण भारतीय स्वारांनी ‘ड्रेसेज’ या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळविले. १९८२ च्या दिल्ली येथील स्पर्धांनंतर अश्वारोहणातील सुवर्णपदक आपल्या देशास तब्बल ४१ वर्षांनी लाभले. त्या खेळाची चित्रफीत वर्गात पाहत असता एका मुलाने आम्हांस विचारले, “सर, हा घोडा इतका निमूट कसा ? खूप मारलं असणार त्याला !” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. म्हणून हा लेख.

‘ड्रेसेज’ हा मूळचा फ्रेंच शब्द. शिकविणे, वळण लावणे असा त्याचा अर्थ. २० मीटर रुंद व ६० मीटर लांब अशा मैदानात घोड्याने चालणे, दुडकणे, वळणे, थांबणे इत्यादी क्रिया ठरलेल्या जागी करावयाच्या असतात. प्रत्येक क्रियेस शून्यापासून दहापर्यंत गुण मिळतात. येथे वेगास महत्त्व नाही. घोडा किती सहजतेने चालतो आणि स्वाराची सूचना किती हलकी असते, हे परीक्षक पाहतात. स्वाराचे हातपाय हललेले प्रेक्षकांस दिसूच नयेत, ही या विद्येची परमावधी.

ही विद्या समजण्यास प्रथम घोड्याचा स्वभाव जाणला पाहिजे. घोडा हा गवत खाणारा, कळपात राहणारा प्राणी. हिंस्र पशूंपासून पळून जाणे हेच त्याचे संरक्षण. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्यास जवळजवळ सभोवार दिसते. कान निरनिराळ्या दिशांस वळतात. पाठीवर माशी बसली तरी कातडी थरारते. असा प्राणी भ्याला की मान ताठ करतो, पाठ आवळतो आणि पळावयास पाहतो. भ्यालेल्या घोड्याचे सारे लक्ष सुटकेच्या वाटेकडे असते. शिकण्यास त्याच्या मनात जागाच उरत नाही. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वविद्येवर एक ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये, असे त्याने त्यात बजावले आहे.

मग घोडा शिकतो कशाने ? स्वार पायाने किंचित दाब देतो. घोडा पुढे पाऊल टाकतो. त्याच क्षणी स्वार दाब काढून घेतो. घोडा शिकतो तो या शेवटच्या क्षणी. दाबाने प्रश्न विचारला जातो आणि दाब सुटला की उत्तर बरोबर आल्याचे त्यास कळते. लगामाचेही तसेच. जो स्वार लगाम सदा खेचून धरतो, त्याच्या घोड्याचे तोंड हळूहळू बधिर होते. मग अधिक जोराने खेचावे लागते आणि जबडा अधिकच कठीण होतो. म्हणून घोड्याचे तोंड मऊ व्हावयास हवे असेल, तर आधी स्वाराचा हात मऊ झाला पाहिजे.

परंतु मऊपणा म्हणजे ढिलेपणा नव्हे. जर्मन अश्वशिक्षकांनी या शिक्षणाच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत : ताल, सैलपणा, हाताशी संपर्क, जोम, सरळपणा आणि सावरून चालणे. यांत आरंभीच ताल व सैलपणा आहेत, हे ध्यानात घ्यावे. चालीत चार ठोके, दुडकीत दोन, हलक्या धावेत तीन; हा ठेका बिघडला की शिक्षक पुढच्या पायरीवर जात नाही. घोडा फुरफुरू लागला, लगामाची कडी हळूच चघळू लागला, पाठ झुलू लागली आणि एक कान स्वाराकडे वळला, म्हणजे तो सैल आहे व त्याचे अवधानही आपल्याकडे आहे असे समजावे.

हे अवधान टिकविण्यासाठी पाठ थोडा वेळच घेतात. मधून मधून लगाम लांब सोडून घोड्यास मान ताणू देतात. सरळ रेषेत एकसारखे चालविण्याऐवजी वर्तुळे घेतात, दिशा बदलतात, दुडकीवरून चालीवर व पुन्हा दुडकीवर आणतात. एखाद्या वस्तूस तो बुजला तर त्यास मारीत नाहीत. त्यास येत असलेले एखादे सोपे काम लगेच करावयास सांगतात. काम करता करता भीती मागे पडते. घोड्यास वर्तुळात फिरविण्यास आपल्या भाषेत ‘कावा देणे’ असा जुना शब्द आहे. इतिहासात ‘गनिमी कावा’ वाचणाऱ्या आपण सर्वांनी या शब्दाचा तोही अर्थ जाणावा.

ही गोष्ट परदेशातच पाहावयास मिळते असे नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत चालणारे अश्व आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील, चिकोडी तालुक्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे. दर वर्षी ते अंकलीहून पायी आळंदीस जातात. वारीच्या वाटेवर रिंगण होते तेव्हा दोन घोडे धावतात. एकावर पताकाधारी स्वार असतो. दुसरा, माउलींचा अश्व, पाठ मोकळी ठेवून धावतो. भोवती हजारो वारकरी, टाळमृदंगांचा गजर, फडकणाऱ्या पताका ! बुजणाऱ्या जनावराने उधळून जावे असे सारे तेथे असते. तरीही पाठीवर कोणी नसता तो अश्व आपली वाट सोडीत नाही. ज्यास माणसांच्या गर्दीचे भय नाही आणि आपले काम ठाऊक आहे, असाच घोडा तेथे धावू शकतो.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आता उत्तर देता येईल. मारून घोडा निमूट करता येतो. परंतु निमूट घोडा आणि लक्ष देणारा घोडा यांत अंतर आहे. एक धन्याच्या चाबकाकडे पाहतो, दुसरा त्याच्या सांगण्याकडे. या प्रश्नाने आम्हांसही अंतर्मुख केले. धाकाने शांत बसलेल्या वर्गास शिस्तीचा वर्ग समजण्याची चूक आमच्याही हातून घडली आहे. प्रश्न विचारण्यास न भिणारा वर्ग थोडा गलका करील. पण त्याचा एक कान आमच्याकडे असेल. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी बैल, म्हशी, कुत्री आहेत. खोंडास प्रथम जुवाला जोडताना जाणता शेतकरी त्याच्या जोडीस मुरलेला बैल देतो, तोही याच विचाराने. त्यांच्याशी वागताना एवढे करून पाहा : सांगणे हलके ठेवा, थोडे थांबा, आणि त्याने ऐकले की हात लगेच सैल सोडा.