उपघटक ४.३ : डिस्कवरील जागा आणि ‘रूट’चा अधिकार

प्रास्ताविक

यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. ‘स्त्री’ या शब्दात जोडाक्षराचे हलन्त धरून ६ चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट झाले. त्यामुळे मराठी शब्दसंग्रह वाढत गेला की डिस्क भरते. ती रिकामी करताना मात्र घाई नको. युनिक्समध्ये ‘आरएम’ या आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. ती थेट नाहीशी होते.

विषय-विवेचन

(अ) आधी मोजणी : ‘डीएफ -एच’ ही आज्ञा डिस्कचा कोणता विभाग किती भरला आहे ते सांगते, तर ‘डीयू -एसएच’ एखाद्या निर्देशिकेने, म्हणजे फोल्डरने, व्यापलेली जागा सांगते. मोठ्या निर्देशिकेकडून लहानीकडे उतरत गेल्यास मूळ कारण सापडते. कधी कधी फाइल पुसूनही जागा वाढत नाही. अशा वेळी एखाद्या चालू प्रोग्रामने ती फाइल उघडी धरलेली असते. तो बंद झाल्यावरच जागा सुटते.

(आ) ‘रूट’ : या प्रशासक खात्याचा वापरकर्ता क्रमांक ० असतो. फाइलींच्या परवानग्यांची नेहमीची बंधने त्याला लागू होत नाहीत. साध्या खात्यावरील चूक बहुधा आपल्याच फाइलींपुरती राहते. ‘रूट’ची चूक संपूर्ण यंत्रणेला भोवते. म्हणून रोजचे काम साध्या खात्यावर करावे आणि आवश्यक त्या एकाच आज्ञेपूर्वी ‘सुडो’ लिहावे. अशा आज्ञांची नोंदही सामान्यतः राहते.

(इ) आज्ञेचे व्याकरण : आज्ञा म्हणजे आज्ञार्थी वाक्यच. त्यात क्रियापद आधी येते आणि कर्म शेवटी. दोन कर्मे केवळ मोकळ्या जागेने वेगळी होतात. ‘देवघर आवरा’ आणि ‘देव, घर आवरा’ यांत जो फरक, तोच येथे आहे. ‘आरएम -आर /व्हार/लॉग/जुने’ ही आज्ञा ‘जुने’ ही एकच निर्देशिका पुसते. ‘जुने’पूर्वी चुकून जागा सुटली, तर ‘रूट’च्या अधिकाराने सगळ्या नोंदी पुसल्या जातात.

लक्षात ठेवा

पुसण्यापूर्वी तोच मार्ग ‘एलएस’ या आज्ञेस देऊन पाहावा. काय जाणार आहे, याचा त्यावरून अंदाज येतो. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. फाइल पुसूनही जागा का सुटत नाही?
२. रोजच्या कामासाठी ‘रूट’ खाते का वापरू नये? सोदाहरण लिहा.