जुन्या संगणकात आधी काय बदलावे?

भांडवल थोडे आणि गरजा पुष्कळ, ही स्थिती कोणत्याही पेढीस नवीन नाही. अशा वेळी कोणता खर्च आज करावा व कोणता पुढील वर्षावर टाकावा, हे ठरविण्यातच व्यापाऱ्याचे चातुर्य दिसून येते. गोदामाचे छप्पर गळत असताना दर्शनी फळीस रंग देणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही. परंतु हाच व्यवहारी गृहस्थ संगणकाच्या दुकानात गेला, म्हणजे पुष्कळदा विक्रेता सांगेल तो भाग घेऊन परततो. पैसे खर्च होतात, आणि यंत्र मात्र पूर्वीइतकेच रेंगाळत राहते.

हा विषय आता केवळ सोयीचा राहिलेला नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर बिले, मालाचा साठा, उधारी आणि विवरणे यांचा बहुतेक व्यवहार संगणकावर गेला. मासिक विवरण भरणाऱ्यांस दर महिन्याची ११ व २० ही तारीख चुकविता येत नाही. त्या दिवशी यंत्र अडले तर विलंबशुल्क व व्याज पेढीसच भरावे लागते. म्हणून मर्यादित पैशात संगणकाचा कोणता भाग प्रथम सुधारावा, याचा क्रमवार विचार सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

यंत्रात कोण काय करतो

जुन्या पेढीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. गादीवर मुनीम बसला आहे. आकडेमोड तोच करतो. संगणकातील प्रोसेसर म्हणजे हा मुनीम. त्याच्यापुढे एक मेज आहे. लागतील तेवढ्या वह्या त्यावर उघडून ठेविता येतात. हे मेज म्हणजे रॅम. सायंकाळी दिवा मालवला की मेज रिकामे होते, तद्वत् वीज जाताच रॅममधील मजकूर पुसला जातो. मागील खोलीत वह्यांचे कपाट आहे; तेथे सर्व दप्तर कायम राहते. हे कपाट म्हणजे हार्ड डिस्क अथवा एसएसडी.

मुनीम कितीही चपळ असला, तरी मागील खोलीतून वही येईपर्यंत त्यास हातावर हात ठेवून बसावे लागते. मेज लहान असेल तर एक वही उघडण्यासाठी दुसरी परत कपाटात ठेवावी लागते. अशा पेढीत अधिक वेतनाचा मुनीम आणून काय उपयोग? जेथे वेळ जातो तेथेच पैसा घालावा, हे या लेखाचे सार होय.

विलंबाचा हिशेब

हा विचार आकड्यांत मांडून पाहू. उदाहरणादाखल असे धरू की, वर्षाची खतावणी उघडण्यास एका यंत्रावर ६० सेकंद लागतात. त्यांपैकी ४८ सेकंद डिस्कमधून मजकूर येण्यात व १२ सेकंद आकडेमोडीत जातात. आता प्रोसेसर बदलून दुप्पट वेगाचा आणला, तर १२ चे ६ सेकंद होतील व एकूण वेळ ५४ सेकंद राहील. उलट प्रोसेसर तोच ठेवून दहापट वेगाची डिस्क बसविली, तर ४८ चे ४.८ सेकंद होऊन एकूण वेळ १६.८ सेकंदांवर येईल. पहिल्या खर्चाने ६ सेकंद वाचले, दुसऱ्याने ४३.२. संगणकशास्त्रज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली हाच नियम मांडला: एखाद्या भागाचा वेग कितीही वाढविला, तरी होणारा लाभ त्या भागात मुळात किती वेळ जात होता यापलीकडे जाऊ शकत नाही.

डिस्कमध्ये इतका वेळ का जावा? १९५६ साली आयबीएम कंपनीने रामॅक यंत्राबरोबर फिरत्या तबकड्यांची पहिली डिस्क आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे आकार लहान झाला, साठा अफाट वाढला. परंतु तबकडी फिरणे आणि तीवर वाचणारी भुजा सरकणे हे तत्त्व तेच राहिले. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ सहस्रांश सेकंदांत होते. हवी ती जागा भुजेखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४.२, आणि भुजा सरकण्यास सुमारे ९ सहस्रांश सेकंद लागतात. मिळून १३ सहस्रांश झाले. म्हणजे विखुरलेल्या नोंदी वाचावयाच्या असतील, तर एका सेकंदात अशा डिस्कला ७५ ते ८० ठिकाणीच जाता येते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तीच नोंद सामान्यतः सेकंदाच्या दहासहस्रांश भागाच्या आसपास हाती येते. हिशेबाच्या कामात नोंदी विखुरलेल्याच असतात, म्हणून हा फरक पेढीवर विशेष जाणवतो.

आपल्या यंत्राची परीक्षा

औषधापूर्वी निदान हवे, आणि हे निदान फुकट होते. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्या. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील परफॉर्मन्स या सदरात सीपीयू, मेमरी व डिस्क यांचे आलेख दिसतात. यंत्र नुकतेच सुरू केलेले असताना हे पाहू नये. नेहमीचे काम ऐन भरात असताना, यंत्र अडते त्या क्षणी पाहावे, आणि दोन-तीन दिवसांचे आकडे कागदावर टिपून घ्यावे.

डिस्क वारंवार १०० टक्क्यांवर जात असेल व सीपीयू स्वस्थ असेल, तर अडथळा कपाटाचा आहे. मेमरी सतत ८५ टक्क्यांच्या वर राहत असेल, तर मेज अपुरे आहे. येथे एक सावधगिरी ठेवावी. रॅम भरली म्हणजे विंडोज तिच्यातील काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते. त्यामुळे मूळ उणीव रॅमची असूनही डिस्क राबताना दिसते. यास्तव दोन्ही आकडे एकत्र वाचावे. सीपीयूचे आकडेही वरवर पाहू नयेत. आठ भागांत काम वाटणाऱ्या प्रोसेसरात एकच भाग पूर्ण राबत असेल, तर एकूण आकडा १२-१३ टक्केच दिसतो.

तिन्ही आलेख शांत असून केवळ शासनाचे संकेतस्थळ उघडण्यास विलंब होत असेल, तर दोष बहुधा यंत्राचा नव्हे. तो इंटरनेटच्या जोडणीचा अथवा त्या संकेतस्थळावरील गर्दीचा असतो. अशा वेळी कोणताही भाग बदलणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय.

वेगाच्या आधी सुरक्षितता

खर्चाच्या यादीत पहिली ओळ वेगाची नसावी. दप्तराच्या रक्षणाची असावी. वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे. कायदा बाजूस ठेविला तरी, कोणाकडे किती येणे आहे ही यादीच नाहीशी झाली, तर वसुली कशाच्या आधारे करावी? यंत्र पुन्हा विकत मिळते. दहा वर्षांची खतावणी बाजारात मिळत नाही.

म्हणून हिशेबाच्या दोन प्रती असाव्या: एक बाहेरील डिस्कवर, आणि दुसरी दुकानाबाहेर, घरी अथवा इंटरनेटवरील साठ्यात. बाहेरील डिस्क प्रत काढून झाल्यावर यंत्रापासून सोडवून ठेवावी, म्हणजे विषाणूचा हल्ला झाला तरी ती वाचेल. महिन्यातून एकदा ती प्रत प्रत्यक्ष उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही न मोजलेल्या रोकडीसारखी असते. वीज वारंवार जात असेल तेथे यूपीएसही याच ओळीत येतो. नोंद लिहिली जात असताना वीज गेली, तर फाइल बिघडू शकते.

खर्चाचा क्रम

यानंतर, यंत्रात अद्याप फिरती हार्ड डिस्क असेल, तर पहिला मान एसएसडीचा. लेखापेढीच्या यंत्रास प्रचंड साठा लागत नाही. २५० ते ५०० जीबी बहुधा पुरते. अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक जुन्या यंत्रांत बसते. एम.२ प्रकारची घेण्यापूर्वी मदरबोर्डवर तिची जागा आहे काय, आणि ती साटा की एनव्हीएमई, हे विचारून घ्यावे. जुनी डिस्क खटखट आवाज करू लागली असेल, तर एक दिवसही न दवडता आधी प्रत काढावी. एसएसडी मात्र असा आवाज न करता अकस्मात बंद पडू शकते. म्हणून ती बसविल्यावरही प्रती काढणे सोडू नये.

दुसरा मान रॅमचा. ४ जीबीवर आजचे विंडोज व ब्राउझर यांचेच कसेबसे भागते. हिशेब, विवरण व पत्रव्यवहार यांस सामान्यतः ८ जीबी पुरते. अनेक कामे एकाच वेळी उघडी राहत असतील, तर १६ घ्यावे. एसएसडी आधीच असून मेमरी भरलेली राहत असेल, तर रॅम हाच पहिला खर्च होय. खरेदीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्या. डीडीआर३, डीडीआर४ व डीडीआर५ या जाती एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, आणि लॅपटॉपची पट्टी आकाराने निराळी असते. तसेच विंडोज ३२ बिटांचे असेल, तर ४ जीबीपलीकडची रॅम वाया जाते.

प्रोसेसर तिसरा. तो खरोखरच राबत असेल, तर आधी पंख्यातील धूळ झाडून घ्यावी. यंत्र तापले म्हणजे प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, आणि धुळीने भरलेल्या दुकानांत हे नित्य घडते. तरीही उणीव भासली, तर लक्षात ठेवावे की प्रोसेसर क्वचितच एकटा बदलतो. इंटेलच्या सहाव्या-सातव्या व आठव्या-नवव्या पिढीच्या प्रोसेसरांचे सॉकेट एलजीए ११५१ याच नावाचे आहे. परंतु एका जोडीचे मदरबोर्ड दुसऱ्या जोडीस अधिकृतपणे चालत नाहीत. मदरबोर्ड बदलला की पुष्कळदा रॅमही बदलावी लागते, आणि खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो.

ग्राफिक कार्ड हिशेबास लागत नाही. घरातील विद्यार्थी चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय आरेखन अथवा खेळ यांसाठी यंत्र वापरत असेल, तर त्याच्या बाबतीत क्रम निराळा होईल. तेथेही विद्युत्पुरवठ्याच्या पेटीची क्षमता पाहूनच ते घ्यावे.

अनेक यंत्रांची पेढी

चार यंत्रे एकाच खतावणीवर चालत असतील, तर चारही यंत्रांत थोडे थोडे घालू नये. खतावणी ज्या यंत्रात राहते, त्यासच प्रथम सुधारावे. त्याचा लाभ चौघांस मिळतो. जोडणीचा स्विचही पाहावा. १०० मेगाबिटचा स्विच सेकंदास फार तर १२.५ मेगाबाइट नेतो, तर गिगाबिटचा १२५. जुना स्विच राहिला, तर नवी डिस्क असूनही वेग दारातच अडतो.

जुन्या यंत्रावर किती घालावे

विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठ्याखेरीज टीपीएम २.० आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ती यादी बहुतांशी आठव्या पिढीपासून सुरू होते. आपले यंत्र त्याहून जुने असेल, तर त्याचे आयुष्य मोजके आहे असे समजून चालावे. अशा यंत्रावर तोच खर्च करावा, जो उद्या नव्या यंत्रात नेता येईल. साटा एसएसडी बहुधा नेता येते; यूपीएस व बाहेरील डिस्क तर निश्चित. डीडीआर३ रॅम आणि जुना प्रोसेसर मात्र यंत्राबरोबरच भंगारात जातात. यंत्र मान्य यादीत बसत असेल, तर एसएसडी व रॅम यांवरील खर्च सुखाने करावा.

भावांचा अंदाज येथे मुद्दाम दिलेला नाही. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणक-केंद्रांची मागणी वाढून रॅम व एसएसडी यांचे भाव झपाट्याने चढले. बाजाराची ही चाल व्यापाऱ्यास सांगावयास नको. खरेदीच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारावे. वापरलेली डिस्क स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण तिची झीज डोळ्यांस दिसत नाही. पेढीचा नोंदणी क्रमांक घातलेले पक्के बिल घ्यावे. हमीसाठी ते लागतेच, शिवाय नियमित करदात्यास त्यावरील कराची वजावट मिळू शकते. काढलेली जुनी डिस्क मोडीत देऊ नये. तीत आपल्या ग्राहकांची नावे व येणी असतात. ती जपावी, अथवा संपूर्ण पुसूनच बाहेर द्यावी.

थोडक्यात क्रम येणेप्रमाणे: प्रथम दप्तराची प्रत व विजेचा आधार, मग निदान, मग एसएसडी, मग रॅम, आणि प्रोसेसरची वेळ आलीच, तर नव्या यंत्राच्या किमतीशी तुलना करून निर्णय. आपल्या यंत्राचे निदान निराळे निघाले, तर क्रमही निराळा ठेवावा. दुकानी जाण्यापूर्वी टिपणाचा कागद खिशात असावा, आणि विक्रेत्याने नवा भाग पुढे केला की एकच प्रश्न विचारावा: याने माझा नेमका कोणता विलंब कमी होईल? ज्या खर्चास या प्रश्नाचे उत्तर नाही, तो खर्च या वर्षी न केलेलाच बरा.