संगणकावरील अपुऱ्या जागेची सूचना

अहेरी तालुक्यातील शाळाभेटींत एक प्रश्न वारंवार विचारला जातो: संगणकावर ‘जागा कमी आहे’ अशी सूचना सतत उमटते, ती बंद कशी करावी?

प्रथम ती कोणत्या विभागाविषयी आहे, हे पाहावे. विंडोज प्रणालीत एखाद्या विभागात साधारणतः २०० एमबीहून कमी जागा उरली की ही सूचना येते.

सूचना ‘सी’ विभागाची असल्यास ती खरी मानावी. ‘रिसायकल बिन’ रिकामी करावी. खोडलेल्या फायली तोवर जागा अडवूनच असतात. मग पोषण आहाराची छायाचित्रे व चित्रफिती दोन पेनड्राइव्हांवर उतरवाव्यात आणि त्या तेथे उघडतात याची खात्री झाल्यावरच मूळ प्रती काढाव्यात. जागा संपली तर निकालपत्रक जतन होत नाही आणि मुलांच्या गुणांच्या नोंदी गमावण्याची वेळ येते.

सूचना ‘रिकव्हरी’ या लहान विभागाची असल्यास मात्र चिंता नको. हा विभाग प्रणालीच्या दुरुस्तीसाठी राखलेला असतो. पेरणीसाठी ठेवलेल्या बियाण्याच्या कणगीप्रमाणे तो भरलेलाच असावयाचा. त्यास हात लावू नये. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये त्या विभागावर उजवी कळ दाबून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’ व पुढे ‘रिमूव्ह’ निवडावे. ‘डिलीट’ कदापि निवडू नये. केवळ अक्षर जाते, विभाग राहतो आणि सूचना थांबते.

वर्गात पुन्हा पुन्हा हात वर करणाऱ्या मुलास गप्प बसविण्यापूर्वी आपण त्याचे म्हणणे ऐकतो. येथेही तेच करावे.