संगणकावरील कामाची साक्ष : कार्यसत्रांची नोंद आणि तिची नवी आवृत्ती

बारामती व इंदापूर या तालुक्यांत जमिनीच्या नोंदीला विशेष महत्त्व आहे. नीरा डाव्या कालव्याने येथील मोठे क्षेत्र बागायत झाले. उजनी जलाशयामुळे इंदापूर तालुक्यातील अनेक गावे उठून नव्या जागी वसली. खरेदी, वाटणी, वारस, बोजा या साऱ्यांचा मागोवा अखेर फेरफार नोंदवहीतच लागतो. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी आली, हे फेरफार सांगतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 नुसार तलाठी, म्हणजेच आजचे ग्राम महसूल अधिकारी, नोंद घेतात, संबंधितांना नोटीस देतात आणि मंडळ अधिकारी ती तपासून प्रमाणित करतात. वहीवर हस्ताक्षर असे, शाई असे. खाडाखोड डोळ्यांना दिसे. ई-फेरफार प्रणालीने हे काम संगणकावर आणले. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही मिळू लागला. मात्र कळफलकावर कोणाची बोटे होती, हे अक्षरांवरून ओळखता येत नाही.

कार्यसत्राची नोंद म्हणजे काय?

कर्मचाऱ्याने आपल्या नावाने प्रणालीत प्रवेश केल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा काळ म्हणजे एक कार्यसत्र. या काळात पडद्यावर काय उघडले, काय बदलले, किती वाजता बदलले, हे चित्रफितीप्रमाणे जतन करणाऱ्या संगणक प्रणाली बँका व मोठ्या कार्यालयांत वापरल्या जातात. विशेष अधिकार असलेल्या व्यक्तींच्या कामासाठी त्या अधिक उपयोगी ठरतात. ही व्यवस्था केवळ अपराधी शोधण्यासाठी नसते. खोटा आरोप झाल्यास प्रामाणिक कर्मचाऱ्याची पहिली साक्ष हीच असते.

नव्या सोयी

पूर्वी तासन् तास चित्रण पाहावे लागे. आता विशिष्ट घटना शोधून नेमक्या क्षणापाशी जाता येते. सरसकट चित्रण न करता केवळ महत्त्वाच्या कामांचेच चित्रण करण्याचे नियम ठरविता येतात. काही प्रणालींत खासगी माहिती झाकण्याची सोय असते. चित्रणावर डिजिटल स्वाक्षरी असल्यास त्यात नंतर केलेला फेरबदल उघडकीस येतो.

आवृत्ती बदलताना

1. प्रथम संग्रहाची व मांडणीची प्रत सुरक्षित ठेवावी. ती प्रत पुन्हा उघडते की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे.

2. जुनी चित्रणे नव्या आवृत्तीत दिसतील, याची खात्री करून घ्यावी.

3. सामान्यतः आधी मध्यवर्ती संग्रह-यंत्रणा व नंतर कर्मचाऱ्यांचे संगणक, असा क्रम ठेवावा. निर्मात्याच्या सूचना मात्र आधी वाचाव्यात.

4. एकाच संगणकावर चाचणी घेऊन सुटीच्या दिवशी बदल करावा. अडचण आल्यास मागे फिरण्याचा मार्ग आधीच ठरवावा.

5. चित्रण पाहण्याचा अधिकार मोजक्यांनाच द्यावा आणि पाहणाऱ्याचीही नोंद ठेवावी. कर्मचाऱ्यांना चित्रणाची पूर्वकल्पना द्यावी.

यांपैकी दुसरी सूचना सर्वांत महत्त्वाची होय. 2020 साली सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा जुने फेरफार क्रमांक गाळले गेले नाहीत. त्यांना स्वतंत्र जागा देण्यात आली. नवे स्वीकारताना जुन्याचा धागा तुटू न देणे, हाच या सुधारणेचा धडा आहे.

कायद्याची बाजू

केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे सर्ट-इनने, 28 एप्रिल 2022 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी 180 दिवस जतन करणे व घड्याळे प्रमाण वेळेशी जुळविणे आवश्यक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली विद्युत अभिलेख पुराव्यात देताना विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 66-क खाली नव्हे, तर 66-सी खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

यास्तव कोणतीही प्रणाली बसविण्यापूर्वी एक शिस्त अंगी बाणली पाहिजे : आपला पासवर्ड व डिजिटल स्वाक्षरीचे साधन सहकाऱ्याच्या हाती देऊ नये. एकाच नावाने दोघे काम करू लागले, तर उत्तमातील उत्तम चित्रणही खोटी साक्ष देईल. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांनी हे गावात समजावून सांगितल्यास, आपल्या जमिनीच्या नोंदीमागे कोणीतरी उत्तरदायी आहे, हा विश्वास शेतकऱ्याच्या मनात दृढ होईल.