रोशाचं बी घेण्याआधी

आमच्या पिंपळनेरच्या पट्ट्यातलं रोशा गवताचं तेल एके काळी मुंबईमार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. पुढे मुरमाड माळावर कपाशी परवडेनाशी झाली, तेव्हा आम्ही रोशाच लावला. बी ‘मोतिया’ म्हणून विकलं गेलं, पावतीवरही तसंच लिहिलेलं होतं. गवत कमरेएवढं वाढलं, तुरे भरले, भट्टीवर तेलही चांगलं उतरलं. व्यापाऱ्याने कागदाच्या पट्टीवर थेंब टाकला, नाकाशी धरला आणि कॅन बाजूला सारत म्हणाला, “दादा, हे सोफिया आहे.”

मोतिया आणि सोफिया हे एकाच रोशाचे दोन प्रकार. शेतात शेजारी उभे केले तरी जाणत्या माणसालाही फरक सांगता येत नाही. फरक सगळा तेलात आहे. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल साधारण 75 ते 90 टक्के असतं. गुलाबाचा गोडसर वास त्याचाच, आणि भाव मिळतो तोही त्यालाच. सोफियात ते बरंच कमी, त्याऐवजी लिमोनीन, कार्व्होन, पेरिलिल अल्कोहोल अशी द्रव्यं. त्यामुळे वास आलं-शहाजिऱ्याकडे झुकतो. सांधे चोळायला घरात कुठलंही तेल चालेल, पण अत्तर-साबणवाले सोफियाला मोतियाचा भाव देत नाहीत. बी विकणाऱ्याने आमचा फोन उचलणंच बंद केलं.

तुम्ही रोशा लावणार असाल तर विक्रेत्याच्या उभ्या पिकातले तुरे आणि पानं आधी मागा. फार्मसी कॉलेजांत क्लेव्हेंजर नावाचं काचेचं उपकरण असतं. थोड्याशा पाल्यातून तपासणीपुरतं तेल त्यात निघतं. त्या तेलाची गॅस क्रोमॅटोग्राफी करून घ्या. ‘जीसी रिपोर्ट’ म्हणतात तो हाच. त्यात जिरॅनिऑलचा आकडा पाहा. तपासणीला पैसे पडतात, पण हे पीक एकदा लावलं की काही वर्षं रानात राहतं. नावाजलेलं वाण हवं असेल तर लखनौच्या सीमॅप संस्थेची तृष्णा, पीआरसी-1 अशी वाणं आहेत. शेजाऱ्याच्या जुन्या रानातलं फुकटचं बी मात्र घेऊ नका. रोशात परपरागीभवन होतं, त्यामुळे असं बी शुद्ध राहीलच याची खात्री नाही.

पीक मोतियाच असलं तरी पुढे जपावं लागतं. तेल मुख्यतः तुऱ्यांत आणि पानांत असतं, देठांत नावापुरतं; म्हणून कापणी फुलोऱ्यावर आल्यावर करा. भट्टीवरून आलेल्या तेलातलं पाणी पूर्ण काढा. भांडं काठोकाठ भरून अंधारात ठेवा, गंजका पत्रा अजिबात नको. विकताना नमुन्याच्या दोन बाटल्या सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्या आणि एक स्वतःजवळ ठेवा.

आणि जो विक्रेता तपासणीसाठी आपल्या रानातला मूठभर पाला द्यायलाही तयार नसेल, त्याच्याकडून बी घेऊ नका.